जुना डेस्कटॉप दुरुस्त करू का नवा लॅपटॉप घेऊ? गावात राहनाऱ्यांनी सांगा

पांदणरस्ता

राजेहो, एक सल्ला पायजे होता. आमच्या घरी डेस्कटॉप आहे, २०१३ चा, मोठ्या भावाची एमएस-सीआयटी चालू होती तेव्हा बाबांनी घेतला होता. कोअर आय३ तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, अन् विंडोज १० मारलेलं आहे. गाव हिंगणघाट तालुक्यात. आता त्याची हालत अशी का सकाळी बटन दाबून गोठ्यातलं शेण काढून वापस आलो तरी ते गोल गोल फिरूनच राह्यते, क्रोममधे दोन-तीन टॅब उघडले का माऊस पण हलत नाही, अन् वरून तो मेसेज येते का विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हनून.

तालुक्याच्या एका दुकानात नेला तं त्यानं झाकण पण नाही उघडलं, सरळ म्हने हे भंगारात द्या अन् नवा लॅपटॉप घ्या, चाळीस हजारापासून पुढं. कापसाचा चुकारा आला आहे पण कृषी केंद्राची उधारी त्याच्यातूनच द्यायची आहे, अन् बाबा म्हनते चालते ना अजून, मंग कायले.

वापर म्हनाल तं बहीण मराठी टायपिंगची तयारी करून राह्यली, जीसीसी-टीबीसीची, म्हनजे कॉम्प्युटर टायपिंगच्या सरकारी परीक्षेची, अन् सोबत भरतीचे फॉर्म भरते. लहान भाऊ कॉलेजात, त्याचं महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं पोर्टल) अन् यूट्यूबवरचे लेक्चर. बाबा एक्सेलमधे वावराचा हिशोब ठेवते, वेचणीचे किलो, फवारणी, मजुरी सगळं, त्यायले मोबाईलवर ते जमत नाही. गेमबिम कोनी खेळत नाही.

अन् हेही सांगून ठेवतो, उन्हाळ्यात दुपारी तो आपोआप बंद पडते. लाईन बराच वेळ गेली का तारीख मागच्या कोनत्या तरी सालात जाते, मंग कोनतीच साईट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हनते. कॅबिनेटले उघडा हात लागला तं झिनझिन येते, आई तं आता तिकडं झाडू पण लावत नाही. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, मागं वायफायचं डोंगल लावलं आहे.

आता सांगा, याच्यावर पैसा लावू का सोडू?


ऑरेंजसिटी_पोट्टा

भाऊ स्पष्ट सांगतो, दुकानदार खोटं नाही बोलला. तिसऱ्या पिढीचा आय३ म्हनजे २०१२ चा माल. त्याच्यावर विंडोज ११ अधिकृत बसतच नाही, त्याले इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागते अन् टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. तू आज त्या डब्ब्यात पाच हजार टाकशील अन् उद्या मदरबोर्ड गेला तं? त्या सॉकेटचा बोर्ड आता चांगल्या कंपनीचा नवा भेटत नाही, भेटते ते सगळे बिननावाचे.

गावाकडं तं लॅपटॉपच पायजे. लाईन गेली तरी काम चालू. अन् एक गोष्ट कोनी सांगत नाही, लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात पाह्य, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असते. म्हनजे सगळ्यायच्या मोटारी चालू झाल्या अन् घरात १६० व्होल्ट आलं तरी त्याले काई फरक नाही पडत. तुझा डेस्कटॉपचा साधा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लायचा डबा) १८० च्या खाली गेलं का नाटकं सुरू करते.

चाळीस हजार नसतील तं नागपूरले ये, सीताबर्डीत जुने कंपनीवाले रिफर्बिश्ड लॅपटॉप भेटते, अर्ध्याच्या आसपास. फक्त प्रोसेसरचा पूरा नंबर पाहून घे. आय५ म्हनलं म्हनजे झालं असं नाही. आय५-६२००, आय५-७२०० असं दिसलं तं सोड, आय५-८२५० पासून पुढं घे. बरेच जन सहाव्या-सातव्या पिढीवर जबरदस्तीनं विंडोज ११ बसवून विकून राह्यले, चालू दिसते, पन मायक्रोसॉफ्ट त्याची जिम्मेदारी घेत नाही.


सोल्डरिंगवाला

मी यवतमाळ जिल्ह्यात रिपेअरिंग करतो. वरच्या भाऊचं अडॅप्टरवालं एकदम बरोबर आहे, ते मी पण गिऱ्हाइकाले सांगतो. पन पांदणरस्ता भाऊ, तुमी जे लिहिलं त्याच्यातलं स्लो चालनं सोडलं तं बाकी काहीच त्या कॉम्प्युटरच्या वयाचं दुखनं नाही. लाईनीचं आहे, उन्हाचं आहे, अन् मले शंका आहे का कापसाचं आहे. उद्या पन्नास हजाराचा लॅपटॉप त्याच खोलीत त्याच बोर्डावर लावला तरी ते तिथंच राहील.

पहिले हे सांगा, कापूस कुठं भरता? आमच्याकडं दिवाळीपासून होळीपर्यंत जे मशीन येतात त्यायचं झाकण उघडायच्या आधीच मले मालूम असते. भाव वाढायची वाट पाहत कापूस खोलीत आढ्यापर्यंत भरलेला अन् त्याच खोलीत कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर. त्याची बारीक रुई पंखा आत ओढते. प्रोसेसरवरचा पंखा काढला का खाली हीटसिंकच्या फटीयमधे गादी भरल्यावानी थर बसलेला असते, हवा जाईल कुठून. प्रोसेसर तापला का आधी स्वतःची स्पीड कमी करते, तरी नाही जमलं अन् शंभर डिग्रीच्या आसपास गेला का जीव वाचवाले बंद पडते. म्हनून तुमचा दुपारी बंद पडते. हिवाळ्यात तेवढाच भरलेला असते पन खोली थंड असते म्हनून निभते.

झाकण तुमीच उघडू शकता, मागचे दोन स्क्रू. वायर काढून, बटन एकदा दाबून ठेवून मंगच हात घाला. नरम ब्रशनं रुई काढा, ब्लोअर असला तं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं फिरू देलं तं बेअरिंग जाते. ओला कपडा नाही. हीटसिंक काढता आला तं त्याच्याखालची पेस्ट वाळून खपली झाली असंल, ती पुसून नवी लावा, छोटी ट्यूब शंभर-दोनशेत येते. अन् कॉम्प्युटर त्या खोलीतून हलवा, नाहीतं कापूस हलवा. कापसाच्या ढिगाजवळ जुनं एक्सटेन्शन बोर्ड अन् ठिणगी, याच्यावर जास्त लिहायची गरज नाही, तुमच्याकडं पन झालं असंल कोनाकडं तरी.

तारखेचं तं हसण्यासारखं आहे. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यायेवढा सेल असते, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. लाईन चालू असली का बोर्डाले तिकडून करंट भेटते अन् हा सेल वापरला जात नाही, म्हनून शहरात तो सात-आठ वर्षं आरामात जाते. आपल्याकडं लाईनच नसते नाहीतं लोकं भिंतीवरून बटन बंद करते, मंग सगळा भार सेलवर. तो संपला का घड्याळ मागं जाते, अन् साईटचं सुरक्षा प्रमाणपत्र आजच्या तारखेचं असते, कॉम्प्युटर म्हनते मी तं मागच्या सालात आहे, हे खोटं आहे. म्हनून साईट उघडत नाही. चाळीस-पन्नास रुपयाचा सेल, घड्याळवाल्याकडं पन भेटते. याच्यासाठी लोकांनी विंडोज मारून घेतलेलं मी पाह्यलं आहे, देनाऱ्यानं पाचशे घेतले अन् जुनाच सेल आत.

आता झिनझिन. एसएमपीएसमधे इनपुटले दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीले अन् एक न्यूट्रलवरून बॉडीले, कचरा करंट जमिनीत सोडायसाठी. घराले अर्थिंग नसली का ते करंट जाईल कुठं, मंग बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवते. करंट एकदम कमी असते म्हनून नुसती झिनझिन. पन याचा अर्थ असा का तुमच्या घरात अर्थिंग नाही, अन् उद्या फ्रिजची, कूलरची नाहीतं मोटारीची वायर बॉडीले लागली तं ती झिनझिन नसंल. भिंतीवरच्या बोर्डाले तिसरं भोक असते पन त्याच्या मागं वायरच नसते, हे अर्ध्या गावाचं आहे. अन् ज्यायच्याकडं आहे त्यायनं पन एकदा तपासा. आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल येवढ्या भेगा पडतात, पाईपच्या बाजूची माती सुकून सुटून जाते अन् अर्थिंग नावालेच राह्यते. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकता, तसंच मार्च ते जून मधामधात त्याच्यात बालटीभर पानी पन टाका. सोबत मेन बोर्डात आरसीसीबी (करंट गळाला का लाईन तोडनारा स्विच) लावून घ्या, हा खर्च कॉम्प्युटरच्या आधीचा.

आता राह्यलं स्लो. ती हार्ड डिस्क आहे, बाकी काही नाही. फिरती डिस्क एका सेकंदात शंभरेक ठिकानी जाऊन वाचू शकते, विंडोज १० चालू होताना त्याले हजारो बारक्या फायली पायजे. एसएसडी, म्हनजे काहीच न फिरनारी चिपवाली डिस्क, हेच काम हजारोंच्या हिशोबानं करते. तुमचा मदरबोर्ड एच६१ वाला असंल तं त्याले सॅटा २ च आहे, डिस्क जोडायचं जुनं कनेक्शन, म्हनजे नव्या एसएसडीची पूरी स्पीड नाही भेटनार, पन तुमाले तो फरक जाणवनार नाही, बटन दाबल्यावर गोठ्यात जायची गरज नाही राहनार. २५६ जीबीची घ्या, अडीच इंची, सॅटाची. अन् डीडीआर३ ची ४ जीबीची अजून एक पट्टी, जुनी पन चालते. सध्या रॅमचे भाव डोक्यावर गेले आहेत पन डीडीआर३ जुन्या बाजारात अजून भेटते. बिल घेऊन घ्या. ऑनलाईन "२ टीबी एसएसडी बाराशे रुपये" दिसलं तं हात लावू नका, आत चिप छोटी असते अन् आकडा खोटा लिहिलेला असते.


धानवाली_ताई

दादांनी अर्थिंगचं लिहिलं ते वाचून मी आत्ताच घरातल्याले बोर्ड उघडायले लावलं 😀 मागं वायरच नाही.

मी गोंदिया जिल्ह्यात सेवा केंद्र चालवते, आमच्याकडं कापूस नाही पन धानाचा कोंडा आहे, तोच प्रकार. मी विंडोजबद्दल सांगते कारण इथं सगळे ११ वर उड्या मारून राह्यले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला हे खरं, पन कॉम्प्युटर बंद नाही पडत, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट येत नाही. अन् घरगुती वापरवाल्यायसाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्ष वाढवून देल्लं आहे, ईएसयू म्हनतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमधे विंडोज अपडेटमधे गेलं का तिथंच नोंदणीची लिंक येते, व्हर्जन २२एच२ असायले पायजे, मायक्रोसॉफ्टचं खातं लागते, अन् सेटिंगचा बॅकअप चालू केला तं पैसे पन नाही लागत. नाहीतं तीस डॉलर. तुमचं "मारलेलं" विंडोज ओरिजिनल आहे का ते पहिले पाहा, दुकानात मारून देतात ते बहुतेक काय असते ते सगळ्यायले मालूम आहे.

दुसरं म्हनजे डोंगल काढून टाका. मोबाईलची डाटा केबल कॉम्प्युटरले लावा अन् मोबाईलमधे यूएसबी टेदरिंग चालू करा. स्पीड पन बरी भेटते, मोबाईल चार्ज पन होते, अन् हॉटस्पॉट चालू ठेवला का बाजूचे पोट्टे पासवर्ड विचारत येते ते पन बंद. अन् त्या कनेक्शनले मीटर्ड करून ठेवा, सेटिंगमधे नेटवर्कमधे आहे, म्हनजे अपडेट तुमचा दिवसाचा दीड-दोन जीबी सकाळी सकाळीच नाही संपवनार.


खडूफळा

ताई, एक वर्षानंतर काय? ऑक्टोबर २०२६ नंतर पुन्हा हाच धागा काढायचा का?

मी झेडपीचा शिक्षक आहे, अचलपूरकडे. शाळेतले असेच जुने डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, त्यातलं एक्सएफसीई नावाचं रूप, ते हलकं असतं. ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि एक रुपया लागत नाही, मारलेलं-बिरलेलं असलं काही नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, तुमच्या विंडोजला हात न लावता, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा आणि रिस्टार्ट. फाइल तीनेक जीबीची आहे, रोजच्या डेटा पॅकमध्ये बसत नाही, तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तर तिथून पेनड्राइव्हवर घेऊन या.

महाडीबीटी, भरतीचे फॉर्म, यूट्यूब हे सगळं ब्राउझरमध्येच आहे, त्याला खाली विंडोज आहे की लिनक्स याच्याशी घेणंदेणं नाही. बाबांचा एक्सेलचा हिशोब लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, मजुरीच्या बेरजांना काही होत नाही. मोठे मॅक्रो असतील तर गडबड होते, पण वेचणीच्या हिशोबात मॅक्रो कोण टाकतं. एकच पाहा, जुन्या फायली कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर फॉन्ट नसला की सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. आमच्याकडे हरिपाठ मंडळाची सगळी पत्रकं तशीच होती, कन्व्हर्टरमधून युनिकोडला आणली, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली, त्यात दिवाळीची सुट्टी गेली पण आता ती मोबाईलवरही उघडतात.

विंडोज ११ रुफस नावाच्या टूलने जबरदस्ती बसवू नका. बसतं, पण पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला अडलं तर विचारायचं कोणाला.


धानवाली_ताई

सर, शाळेत ठीक आहे, पन घरात बहीण टायपिंगची परीक्षा देऊन राह्यली ना. परीक्षेत जो कीबोर्ड लेआउट आहे तोच घरी पायजे, बोटायले सवय तीच लागते. बहुतेक इन्स्टिट्यूटवाले सरावाचं सॉफ्टवेअर देतात ते विंडोजवरच चालते. माझ्याकडचं बोटाच्या ठशाचं मशीन अन् डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालवायचं म्हनजे डोकेदुखी, मी तं नादच सोडला. तुमी लिनक्सवाले लोकं परीक्षा झाल्यावर बोलवा आमाले.


खडूफळा

ताईंचं टायपिंगचं म्हणणं मान्य, इन्स्टिट्यूटला विचारूनच ठरवा. नुसता सराव करायचा असेल तर मिंटवर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं की इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन हे कीबोर्ड लेआउटचे दोन्ही प्रकार मिळतात, पण परीक्षेत नेमकं काय आहे ते बहिणीलाच माहीत. मग असं करा, एसएसडी लावल्यावर विंडोज १० आणि मिंट दोन्ही ठेवा, चालू करताना विचारतं कोणतं पाहिजे. बहिणीचा सराव विंडोजवर, बाकी सगळं मिंटवर. बँकेचं काही असेल तर तेही मिंटवरच करा.


वऱ्हाडी_ठेचा

अरे इथं सगळे सॉफ्टवेअरवर भांडून राह्यले अन् कूलरचं कोनीच नाही बोललं. मी अकोल्याचा, आमाले उन्हाचं नका शिकवू. २०२४ च्या मे महिन्यात नागपूरच्या एका हवामान केंद्रावर ५६ डिग्री दाखवले होते आठवते का, मंग खात्यानं सांगितलं का सेन्सर खराब होता. आपल्या इकडचं ऊन त्या मशीनले पन नाही सोसलं.

तं सांगायचं हे का लोकं काय करते, कॉम्प्युटर तापते म्हनून त्याच्या तोंडासमोर कूलर लावते. कूलरच्या ताट्यायतून ओली हवा येते, बोअरचं खारं पानी असलं तं त्याचे बारीक तुषार पन येते, अन् ते सगळं कॅबिनेटमधे. दोन-तीन उन्हाळ्यात रॅमचे पाय हिरवे पडते. कूलर मानसायसाठी लावा, कॉम्प्युटर बाजूनं ठेवा, खिडकी उघडी ठेवा. अन् मे महिन्यात दुपारी बारा ते पाच बंदच ठेवा ना भाऊ, मानूस पन झोपते त्या टायमाले. लॅपटॉपवाल्या भाऊले पन सांगतो, बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तकात ३५ डिग्रीपर्यंत चालवा असं लिहून असते, आमच्याकडं मार्चातच ते उलटते. वरून चोवीस तास चार्जिंगले लावून ठेवते, मंग बॅटरी फुगून टचपॅड वर येते. घेतलाच तं चार्जिंग ८० टक्क्यावर थांबवायची सेटिंग असते ती करून ठेवा.

अन् सोल्डरिंगवाले भाऊ, तुमी येवढं लिहिलं पन एसएमपीएसच्या मागच्या लाल बटनाचं नाही लिहिलं. त्याच्यावर २३० अन् ११५ असते. व्होल्टेज कमी येते म्हनून आमच्याकडं एका हुशारानं ते ११५ वर करून देल्लं होतं, रात्री मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज चढलं, अन् आतून असा आवाज आला का म्हातारे उठून बसले. त्या बटनाले टेप मारून ठेवा.


पांदणरस्ता

सगळ्यायचे मनापासून आभार, येवढं कोनी सांगंल असं वाटलं नव्हतं. झाकण उघडलं. सोल्डरिंगवाले भाऊ, तुमी घरी येऊन गेल्ते का काय 😀 पंख्याखालून जे निघालं ते आईनं पाहून म्हनलं का याची वात होईल. कापूस त्याच खोलीत असते, आमच्याकडं दुसरी जागाच नाही. आता टेबल समोरच्या पडवीत घेतो, तिकडं सिमेंटचा पत्रा आहे, तापते बरंच, पन रुई नाही. सेल टाकला, तारीख राह्यते आता. बोर्ड एच६१ च आहे, वर छापलेलं आहे.

अर्थिंगसाठी बाबा पहिले नाही म्हनत होते, मंग त्यायनं स्वतः कॅबिनेटले हात लावून पाह्यला अन् काईच न बोलता मिस्त्रीले फोन केला.

अजून एक विचारायचं राह्यलं. घरी इन्व्हर्टर आहे, टीव्ही-पंख्यासाठी. डेस्कटॉप त्याच्यावर घेतला तं चालंल का? मागं एकदा लावला होता तं लाईन जाताना तो रिस्टार्ट होत होता, म्हनून काढला. का वेगळा यूपीएस घेऊ?


सोल्डरिंगवाला

इन्व्हर्टरच्या मागं नाहीतं समोर एक बटन असते, यूपीएस मोड अन् नॉर्मल मोड. नॉर्मलवर लाईनीवरून बॅटरीवर यायले त्याले जरा जास्त टाईम लागते, पंख्याले समजत नाही पन कॉम्प्युटर रिस्टार्ट होते. यूपीएस मोडवर करा, मंग नाही होनार. पन त्याच्यात एक अडचन आहे. यूपीएस मोडमधे १८० व्होल्टच्या खाली लाईन आली का तो ती लाईन घेतच नाही, बॅटरीवर जाते. तुमच्याकडं गावाची अन् वावराची लाईन वेगळी झाली असंल तं टेन्शन नाही. एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असाल अन् व्होल्टेज पडत असंल तं लाईन असून पन बॅटरी संपत राहील, अन् रातच्याले खरी लाईन गेली का अंधार. तसं असंल तं इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, १४० पासून उचलनारा.

अजून एक, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे का साईन वेव्ह ते पाहा. पंखा बॅटरीवर घूं घूं करत असंल तं स्क्वेअर समजा. तुमच्या जुन्या एसएमपीएसले चालून जाईल, पन उद्या नवा महागाचा एसएमपीएस टाकला तं तो कुरकुर करू शकते.

वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घेतला तं त्याच्यात १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी असते, दहा-पंधरा मिनिटं, फाईल सेव्ह करून बंद करन्यापुरता. उन्हात ती बॅटरी दोनेक वर्षात बसते. इन्व्हर्टर आहे तं माझ्या हिशोबानं यूपीएसचे पैसे वाचवा, ते अर्थिंगमधे टाका. वीज कडाडायले लागली का मात्र प्लग काढायचा, आरसीसीबी अन् स्टॅबिलायझर दोन्ही असले तरी.


ऑरेंजसिटी_पोट्टा

ठीक आहे भाऊ, झाला तुमचा डब्बा जिवंत. तरी माझं मत तेच आहे का २०२६ च्या ऑक्टोबरनंतर रिफर्बिश्ड लॅपटॉप पाह्यचाच आहे, तेव्हा सीताबर्डीले ये, सोबत येतो. तोपर्यंत जुनी हार्ड डिस्क फेकू नको. दोन-तीनशे रुपयाची यूएसबी केस भेटते पन ती अडीच इंचीले. तुझी साडेतीन इंची, तिच्या केसले वेगळं अडॅप्टर लागते, सांगून घेजो नाहीतं चुकीची देईल. नाहीतं सरळ आतच राहू दे, एसएसडीच्या बाजूले, बाबांच्या हिशोबाची कॉपी तिच्यावर ठेव. त्याच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवनारं सॉफ्टवेअर) टाकून पाह्य, पिवळं दाखवलं तं तिच्यावर भरवसा नको ठेवू, कॉपी पेनड्राइव्हवर ठेव.


टायपिंगवाली_बुलडाणा

उशिरा आले, पन बहिणीसाठी सांगते. मी ती परीक्षा देल्ली आहे. लॅपटॉप आला तरी सराव बाहेरच्या मोठ्या कीबोर्डवरच करायले सांगा, सेंटरवर डेस्कटॉपचेच कीबोर्ड असतात अन् लॅपटॉपच्या बुटक्या कीयवर बसलेली बोटं तिथं घसरतात. चारशे-पाचशेचा साधा वायरवाला घ्या, बिनावायरवाल्याचा सेल नेमका टायमाले जाते. अन् अक्षरायचे स्टिकर लावू नका तिच्या कीबोर्डवर, पाहून टाईप करायची सवय लागते.